शटर उघडं असताना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही काही कुणी फिरायला जायची ठिकाणं नव्हेत. तिथे लोक राहतात आणि तिथून कामाला जातात. मी मिरजेहून चार-पाच दिवसांसाठी निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?" लग्न नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला होता.

"ताई, तुम्ही एकदा याच," अविनाशराव म्हणाले. "तुमचं ती ऐकते."

"काय केलं तिनं?"

"मागच्या अमावास्येला एका पडक्या गोदामात फोटो काढताना पडली. हात मुरगळला. हातात बॅटरी होती, ती लावली नाही. कॅमेऱ्याचं शटर बंद करायची वेळ होईपर्यंत अंधारात तशीच बसून राहिली. फोटो बिघडेल म्हणून! मी तिथे दहा हातांवर उभा होतो ताई, मला पत्ता नाही. मी आता तिच्याबरोबर जायचं सोडलंय. माझ्यानं ते बघवत नाही."

वसू लहानपणापासून माझं कधीच ऐकत नाही. पण हे ऐकल्यावर दुकान नवऱ्यावर सोपवून मी निघाले.

डोंबिवली

वसू पंचेचाळिशीची आहे. बँकेतली नोकरी सोडून तिला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती फोटो काढते. लग्नाचे नाहीत, बारशाचे नाहीत. अंधारात एखादी वस्तू ठेवायची, कॅमेरा तिवईवर बसवायचा, शटर उघडायचं आणि हातातल्या बॅटरीनं त्या वस्तूवर उजेड लावत फिरायचं. तिला विचारलं तर ती फोटो काढते असं म्हणत नाही, चित्र रंगवते म्हणते. प्रदर्शनांतून तिची चित्रं लागतात, लोक ती घरात टांगतात.

माझं मिरजेत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. उजेड विकणं हा माझा धंदा. त्यामुळे उजेड असा बोटभर बोटभर वापरणारी बहीण मला कधी नीट कळली नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं मला ते बाथरूममध्ये शिकवलं. खिडकीला काळा कागद लावला होता. कॅमेरा कमोडच्या झाकणावर, बादली उलटी घालून तिच्यावर स्टीलचं ताट, आणि ताटात दुपारच्या जेवणाचं पापलेट.

"दार लाव. आता हे बटण दाबलं की शटर उघडतं. पुन्हा दाबेपर्यंत उघडंच राहतं. तोपर्यंत जिथे उजेड पडेल तेवढंच चित्रात येणार."

"आणि तू?"

"मी काळे कपडे घातलेत आणि मी हलत राहते. हलणारं माणूस अंधारात चित्रात येत नाही. मी असते, पण दिसत नाही."

पेनाएवढ्या बॅटरीनं तिनं पापलेटाच्या कडेकडेनं उजेड फिरवला. आमच्या आजोळी ओल्या हातानं चुलीला पोतेरं द्यायचे तसा, हलका, एकाच दिशेनं. मग बटण दाबलं आणि मला कॅमेऱ्याच्या पाठीवर दाखवलं. ताट नाही, बादली नाही, फरशी नाही. काळ्याभोर पोकळीत एक चांदीचा मासा. मी बराच वेळ बघत राहिले, हे कबूल करते.

"आता तळू या, नाहीतर वास येईल," वसू म्हणाली.

आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेचा, काट्यांचा, आणि त्याला तिखट लावताना हात राखत नाहीत. इथे सगळं नारळात आणि कोकमात. पापलेट चांगलं होतं. जेवताना अविनाशराव माझ्याकडे बघत होते. मी विषय काढला.

"वसू, गोदामात पडलीस तेव्हा बॅटरी का लावली नाहीस?"

"यांनी सांगितलं वाटतं. अगं, पंधरा मिनिटांचं काम झालं होतं. शेवटची भिंत राहिली होती. हात मुरगळला होता, तुटला नव्हता."

"तुटला असता तर?"

तिनं खरोखर विचार केला. तेच मला आवडलं नाही.

घोडबंदर रोड

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर गेलो. तिथले मनोरे बघून माझी मान दुखली. मिरजेत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला लोक पाण्याचं विचारतात. इथे चाळिसाव्या मजल्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. त्या मनोऱ्यांच्या रांगेत एक मनोरा अर्धाच बांधून सोडलेला होता. वसूला त्याच्या पोटातली गाड्या लावायची तळघरं हवी होती. एकाखाली एक दोन. खालच्या तळघरात भर दुपारीही हात दिसत नव्हता.

"या भागात अंधार मिळत नाही ताई," जिना उतरताना ती म्हणाली. "रात्रीसुद्धा आभाळ नारिंगी असतं. मी अंधार शोधत फिरते, लोक फ्लॅट शोधत फिरतात तशी."

वॉचमन साताऱ्याकडचा निघाला. मी मिरजेची म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. "बाई, त्या कोपऱ्यात लिफ्टचा खड्डा हाय. उघडाच हाय. पाणी भरलंय त्यात."

वसूनं मोठी बॅटरी लावून सगळी जागा आधी पायांखाली घातली. खांबापासून खांबापर्यंत, मग तेच डोळे मिटून. खड्ड्याच्या कडेला तिनं एक वीट ठेवली. पायाला वीट लागली की थांबायचं. झाली तिची सुरक्षितता. मग मला कॅमेऱ्याशी उभं केलं, बटण हातात दिलं आणि बॅटरी विझवली.

मिरजेत वीज जाते तेव्हा जो होतो तो अंधार वेगळा. त्यात कुणीतरी बोलत असतं, काडेपेटी शोधत असतं. इथे वसूनं बोलायचं नाही असं सांगितलं होतं, कारण उजेडाचे किती हात फिरवले ते ती मनात मोजत असते. मला फक्त तिच्या चपलांचा आवाज येत होता आणि लांबवर कुठेतरी पाणी ठिबकत होतं. एक खांब उजळला, विझला. दुसरा उजळला, विझला. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग कोपऱ्यातून पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मी बॅटरी लावली. माझ्या दुकानातली, शेतकरी पिकाला पाणी द्यायला नेतात ती. सगळं तळघर पांढरं झालं. वसू खड्ड्यापासून दोन पावलांवर डोळ्यांवर हात घेऊन उभी होती.

"ताई! काय केलंस हे!"

"काय पडलं?"

"दगड! पायानं दगड गेला! बंद कर ती!"

चित्र गेलं होतं. परत करण्याइतका वेळ नव्हता, वॉचमनची पाळी संपत होती. वसूनं तिवई मिटली आणि माझ्या पुढे जिना चढून गेली. रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "उद्या खाडीवर जायचंय. अमावास्या आहे, ओहोटी संध्याकाळची आहे. या मालिकेतलं शेवटचं चित्र आहे ते. तू येणार असशील तर एक कबूल कर. काहीही झालं तरी मी सांगितल्याशिवाय बॅटरी लावायची नाही."

"काहीही?"

"काहीही. नाहीतर मी एकटी जाते."

ती एकटी गेली असती. मी कबूल केलं. अविनाशरावांनी ताटावरून हात काढून घेतला.

खाडी

मिरजेत अमावास्येला आम्ही दुकानाच्या दारात लिंबू-मिरची बदलतो, नारळ फोडतो, नवीन काम काढत नाही. वसूची सगळी कामं अमावास्येचीच. त्या दिवशी मी मनातल्या मनात एक नारळ कबूल केला आणि तिच्याबरोबर गेले.

डोंबिवलीच्या पश्चिमेला इमारती संपतात तिथे खाडीच्या काठानं जुनी कोळ्यांची वस्ती आहे. वस्तीमागे दगडी बांध आणि बांधापलीकडे चिखल. पूर्वी इथून रेती काढायच्या मोठ्या लोखंडी होड्या जायच्या. ते काम थांबलं तेव्हा काही होड्या तिथेच सोडून दिल्या. त्यांतली एक बांधापासून थोड्या अंतरावर कलून पडली होती. पत्रा गंजून जागोजागी गळून गेला होता आणि आतल्या लोखंडी फासळ्या दिसत होत्या. भरतीला ती निम्मी बुडते. ओहोटीला पूर्ण उघडी पडते. वसूला ती पूर्ण हवी होती, आतून पेटल्यासारखी.

बांधाला लागून हिराबाईंचं घर आहे. साठीच्या पुढच्या, अंगणात सुकट निवडत बसलेल्या. वसूला बघून म्हणाल्या, "आली गो फोटोवाली. आज कोनला आनलंस? नवरा पलाला वाटतं."

"बहीण आहे माझी, मिरजेची."

"हिला तरी अक्कल हाय का?" त्यांनी मला विचारलं.

मी विचारलं, चिखलातून होडीपर्यंत जायला वाट कुठून आहे आणि पाणी कधी चढतं. हिराबाई हसल्या. "मना काय ठाव, बाय? खाडीन कोन जातंय आता? पानी गटाराचा हाय. मी मासली भाऊच्या धक्क्याची आनून इकते. माजा पोरगा कॅब चालवतो. त्याला विचार, तो मोबाइलमदी बघून सांगल."

म्हणजे वाट कुणालाच ठाऊक नव्हती. वसूनं दुपारी बांबू खुपसत खुपसत स्वतःच एक शोधली होती.

त्या संध्याकाळी अजून एक घाई होती. वस्तीच्या मैदानात क्रिकेटचे सामने होते, प्रकाशझोतातले. पाहुणे आले की दिवे लागणार आणि मग आभाळ उजळणार. हिराबाईंचा मुलगा आयोजकांत होता. तो म्हणाला, "पाहुने टायमावर येत नायत, तुमी आरामात करा." तरीही वसू नेहमीपेक्षा भरभर निघाली. डोळे मिटून चालून बघणं तिनं त्या दिवशी केलं नाही. मी ते पाहिलं आणि बोलले नाही.

अंधार पडला. मी बांधावर कॅमेऱ्याशी. वसू काळ्या कपड्यांत चिखलात उतरली आणि चार पावलांत नाहीशी झाली. तिच्या खुणेप्रमाणे मी बटण दाबलं.

होडीच्या पोटात पहिली फासळी उजळली. मग दुसरी, मग तिसरी. एक विझली की दुसरी. जणू आत कुणीतरी दिवा घेऊन खोल्या बघत फिरत होतं. सगळ्या झाल्यावर उजेड गेला. आता ती होडीला वळसा घालून मागे जाणार, मागून गंजलेल्या भोकांमधून उजेड सोडणार, असं ठरलं होतं.

मी वाट बघत राहिले.

मैदानात कुणीतरी माइक तपासायला लागलं. हॅलो, हॅलो, वन टू थ्री. मग गाणं. मला चिखलाचे बुडबुडे ऐकू येत होते ते बंद झाले. मागून उजेड येईना. वळसा लांबचा असेल, मी स्वतःला सांगितलं. ती सावकाश जात असेल. काल दगडच पडला होता. आजही दगडच असेल. माझा अंगठा हातातल्या बॅटरीच्या बटणावर होता. कबूल केलेलं आठवत होतं, कालचा तिचा चेहरा आठवत होता. सगळ्यात वाईट हे, की होडीच्या पलीकडे, जिथे मघाशी नुसता चिखल होता तिथे, काहीतरी चमकलं. दूरच्या पुलाच्या दिव्यांची पडछाया होती. मघाशी ती तिथे नव्हती, कारण तिथे पाणीच नव्हतं.

मी बॅटरी लावली.

होडीत कुणी नव्हतं. मी बांधावरून धावत पुढे गेले, जिथून होडीची मागची बाजू दिसते तिथपर्यंत. वसू तिथे होती. कमरेपर्यंत चिखलात. दोन्ही कोपरं बांबूवर टेकून, मान वर करून, अगदी स्थिर. तिच्या उजव्या हातात बॅटरी होती. विझलेली.

"वसू!"

गाण्याच्या आवाजात तिचं बोलणं तुटक ऐकू आलं. "बॅटरी खाली कर! लेन्सवर जातेय!"

मी तिच्यावर रागावण्यात वेळ घालवला नाही. मैदानाकडे पळाले. तिथे रंगीत टी-शर्टांतली पोरं, खुर्च्या, स्टेज, स्टेजवर चषक आणि माइक धरलेला एक माणूस. मी स्टेजवर चढले. तो म्हणाला, "ओ मॅडम, सत्कार नंतर हाय, खाली बसा." मी माइक ओढून घेतला.

"माझी बहीण खाडीत रुतली आहे. पाणी चढतंय. फळ्या आणि दोर घेऊन या."

एक क्षण सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग हिराबाईंचा आवाज आला, माइकशिवाय, सगळ्या मैदानावर. "बगताव काय रं! स्टेज उचला!"

त्यांनी खरोखर स्टेज उचललं. चषक खुर्चीवर ठेवले, गालिचा ओढला आणि खालच्या प्लायवूडच्या फळ्या डोक्यावर घेऊन दोन्ही संघ बांधावर आले. फळी टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं, पुढची फळी सरकवायची. मोबाइलचे दिवे सगळीकडून. पुढचा मुलगा वसूपर्यंत पोचला तेव्हा पाणी तिच्या बरगड्यांना लागलं होतं. तो तिला म्हणाला, "काकी, पाय हलवू नका, आडव्या व्हा, झोपा माज्यावर." आणि मागे ओरडला, "खेचा!" पहिल्यांदा ती हललीच नाही. दुसऱ्यांदा तिचा गुडघा मुरगळला आणि ती किंचाळली. तो आवाज मला आवडला. तोपर्यंत ती एका शब्दानंही ओरडली नव्हती.

बांधावर आणल्यावर हिराबाईंनी तिच्यावर हंडाभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "फोटोत आली का गो आता तरी?" पोरं हसली. वसूही हसली. मला हसू आलं नाही. मी कॅमेऱ्याशेजारी दगडावर बसले. शटर अजून उघडंच होतं. मी ते बंद केलं. पडद्यावर नुसता पांढरा कागद होता.

घरी गुडघ्याला शेक देताना मी विचारलं, "तू रुतलीस तेव्हा बॅटरी का लावली नाहीस?"

"शटर उघडं होतं ना," ती म्हणाली. गॅसवर दूध आहे म्हणावं, तितक्या साधेपणानं. "मला वाटलं निघेन. फासळ्या इतक्या छान झाल्या होत्या ताई."

"पाणी दिसत होतं?"

"हो."

अविनाशराव उठून गॅलरीत गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

कल्याण

सकाळी गुडघा टम्म सुजला होता. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पाय टेकू नका म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच वसू म्हणाली, "आजही अंधार असेल. ओहोटी तासभर उशिरा. काठी घेऊन जमेल मला."

मी मिरजेहून ठरवून आले होते की हिला समजवायचं. रिक्षात बसून मी त्याचा हिशेब केला. समजावणं कालच संपलं होतं. कमरेपर्यंत चिखल आणि छातीकडे पाणी, त्याहून मी काय मोठं सांगणार होते? कोंडून ठेवता येत नाही. मी परवा मिरजेला जाणार, पुढची अमावास्या येणार. ती एकटी जाणार.

"तू बांधावर बसायचंस," मी म्हटलं. "चिखलात मी जाते."

"तुला जमणार नाही. हात स्थिर लागतो."

"तीस वर्षं शिडीवर चढून ट्यूबलाइटी बसवतेय. जमत नसेल तर विचार सोड."

तिनं माझे हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "दोर पांढरा नको. चित्रात येईल."

दोर घ्यायला आम्ही दोघी कल्याणला गेलो, कारण अविनाशरावांच्या मते घाऊक बाजारात मिळत नाही असं काही नाही. ते खरं असावं. एका गल्लीत नुसत्या ताडपत्र्या, एकीत नुसते वजनकाटे. दोरांच्या गल्लीत वसू रिक्षातच बसली आणि मी उतरले. दुकानदार माझ्या वयाचा, जाड चष्म्याचा.

"गायीला की म्हशीला?"

"मला."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "वजन पेलायला पाहिजे?"

"चिखलातून ओढायला. आणि काळा पाहिजे."

"काळा नाय येत ताई. पिवळा घ्या, निळा घ्या. अंधारात सापडतो पिवळा."

"सापडायला नको आहे."

त्यानं पोटमाळ्यावरून काथ्याचा जुना, मळकट दोर काढून दिला आणि तो बांधताना म्हणाला, "घरी सगळं ठीक हाय ना?" मी हो म्हटलं. बाजारात गरम जिलेबी होती, आम्ही खाल्ली. मला तिची चव आठवत नाही.  मला पोहता येत नाही, हे मी वसूला सांगितलं नव्हतं.

पुन्हा खाडी

अविनाशराव आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी ऑफिसचे बूट काढून हिराबाईंच्या ओट्यावर ठेवले, पँट दुमडली आणि दोराचं एक टोक बांधावरच्या, होड्या बांधायच्या लोखंडी कड्यातून घेऊन हातात धरलं. दुसरं टोक माझ्या कमरेला. स्टेजच्या फळ्या हिराबाईंच्या मुलानं उजेड असतानाच होडीपर्यंत टाकून दिल्या होत्या. मैदानातले दिवेही तो थांबवून बसला होता. "तुमचं आटपू दे, मग आमचा सामना."

"काल एकीला काढली, आज दुसरी," हिराबाई म्हणाल्या. "मिरजेला चिखल नाय का गो?"

मी वसूचे काळे कपडे घातले. ते मला दंडात घट्ट होत होते. वसू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, सुजलेला पाय उलट्या घमेल्यावर, कॅमेरा पुढ्यात. तिनं मला पुन्हा सांगितलं. एकाच दिशेनं, न थांबता, प्रत्येक फासळीला खालून वर. मग बॅटरी विझवून मागे जायचं, तिथून भोकांमधून तीन वेळा उजेड सोडायचा. बोलायचं नाही.

"आणि काही झालं तर?" मी विचारलं.

"दोर आहे ना," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी उतरले. फळी पायाखाली हलत होती आणि कडांनी काळा लगदा वर येत होता. कुजलेल्या अंड्यासारखा वास. होडीत शिरल्यावर मला बरं वाटलं, कारण तिथे पायाला लोखंड लागलं. मी बॅटरी लावली आणि वसूनं सांगितलं तसं करत गेले. खालून वर, खालून वर. गंज उजेडात गुळासारखा दिसतो. त्या कामात काही क्षण मी भीती विसरले, आणि वसूला काय होत असेल ते त्या काही क्षणांत मला कळलं. कळलं म्हणून पटलं नाही.

शेवटची फासळी झाली. बॅटरी विझवली. होडीच्या मागच्या बाजूला फळी होती, पण ती डोळ्यांना दिसत नव्हती. मी पायानं चाचपली. काल वसू जिथे रुतली होती तो खड्डा माझ्या डाव्या हाताला कुठेतरी होता. मी पत्र्याला पाठ लावून एक पाऊल टाकलं, मग दुसरं. दोर कमरेला ताणलेला होता आणि तो ताण मला आधार वाटत होता. चिखलात असंख्य लहान आवाज चालले होते, खेकड्यांचे असावेत. सगळीकडून काहीतरी उघडत-मिटत होतं. मी श्वास घ्यायला थांबले. मला वाटतं फार वेळ नाही थांबले. भोकांमधून उजेड सोडायला मी बॅटरी उचलली.

तेवढ्यात सगळी होडी पांढरी झाली.

माझ्या बॅटरीनं नव्हे. बांधावरून. उजेड पत्र्यावरून सैरावैरा फिरत होता, भोकांमधून माझ्या तोंडावर येत होता, जात होता. आणि वसूचा आवाज, वस्तीपलीकडे जाईल असा.

"ताई! ताई गं! ताई!"

मला वाटलं अविनाशराव पडले. मी फळीवरून जवळजवळ धावतच होडीच्या कडेला आले.

"काय झालं? कोण पडलं?"

कुणी पडलं नव्हतं. अविनाशराव दोर धरून होते तसेच उभे होते. वसू खुर्चीतून उठली होती. पट्टा बांधलेल्या पायावर उभी होती, कॅमेऱ्याच्या पुढे, आणि माझी ती पिकावरची बॅटरी दोन्ही हातांनी धरली होती.

"काही नाही झालं," अविनाशराव म्हणाले. "मी सांगत होतो तिला, दोर ताठ आहे म्हणून."

"मग बॅटरी का लावलीस?"

"तू दिसत नव्हतीस," वसू म्हणाली.

"दिसायचंच नव्हतं ना मी?"

 तिचा श्वास मला तिथपर्यंत ऐकू येत होता. शटर उघडंच होतं, फासळ्या सगळ्या पुसून गेल्या असणार. मी होडीच्या कडेला हात टेकून उभी राहिले. पाणी अजून लांब होतं. पुन्हा एकदा करण्याइतका वेळ होता, आणि ते तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"परत करू या का?" मी विचारलं.

"नको. वर ये."

मी फळीवर पाय ठेवला. तिनं कॅमेऱ्याकडे वळून बघितलं नाही. माझे पाय दगडी बांधाला लागेपर्यंत तो उजेड माझ्यावरून हलला नाही.